आग्रहाची खीर

२० जानेवारी १९९७, कुपवाड
सकाळच्या एस.टी.ने कराडहून आलो. हवा छान, खोली स्वच्छ. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारे लालासाहेब मराठीत कम्प्युटर गेम काढताहेत. त्यात काढलेली चित्रं नाहीत, खरी माणसं आहेत. शूट केलेले तुकडे जोडायला त्यांना इंजिनिअर हवे तेवढे मिळाले असते, पण बोलावलं मला. कॉलेजची पायरी न चढता जे शिकलो, त्याची कुणीतरी कदर केली.

खेळ सोपा आहे. पाहुणा पाटावर बसतो, यजमानीण खपली गव्हाची खीर वाढत राहते. खेळणाऱ्यानं माउसनं ‘हो’ किंवा ‘नको’ दाबायचं, तसा पुढचा तुकडा चालू होतो. ‘नको’ ठाम बसलं की पाहुणा उठून सुटला. पाहुणा झालाय केरबा, इथल्याच वर्कशॉपमधला फिटर. यजमानीण वाईच्या गोदावरीबाई.

२१ जानेवारी
ताट चुकीचं मांडलंय. मीठ उजवीकडे, चटणी भाजीच्या जागी! शिवाय ‘नको’चा तुकडाच नाही. विचारलं तर लालासाहेब हसले. आवं, आमच्यात पाहुन्याला नको म्हनू देत्यात व्हय, म्हणाले. केरबाला परत बोलवा म्हटलं, तर शूटिंगपासून त्याच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही म्हणे.

मग मीच बसलो. ताट नीट मांडून घेतलं, रीतीप्रमाणे उजवा हात ताटावर आडवा धरला. कॅमेऱ्यात फक्त मनगटापर्यंत. बाई हसल्या आणि खीर हातावरच ओतली. बोटांच्या बेचक्यांतून गरम, चिकट... शी! लालासाहेब खूश. लय झ्याक, अगदी घरच्यावानी, म्हणाले.

२३ जानेवारी
हाताचा वास जात नाही. साबण, राख, रॉकेल, सगळं झालं. नासलेलं दूध, आणि त्यात तळाशी उंदीर मेल्यासारखा.
तुकडा फ्रेम-फ्रेम थांबवून पाहिला. खिरीतला गहू वळवळतो. ताटातली खीर मी स्वतः पाहिली होती, स्वच्छ होती. आणि हात कोपरापर्यंत दिसतो. एवढा शूट केलाच नव्हता.

२४ जानेवारी
केरबा आला. टवटवीत. सकाळी तीन भाकरी हाणल्या म्हणाला. त्याचे तुकडे लावून पाहिले, तर पाट रिकामा. मी बसलो आणि तो सुटला.
माझ्या तोंडात साय धरते. बोट घालून काढतो, पुन्हा धरते. दाताखाली काहीतरी मऊ फुटतं.

२५ जानेवारी
पडद्यावर आता खांदा. गळा. माझा सदरा—
तुकडा पुसला. मशीन बंद केलं. वाढणं थांबत नाही. गिळलं की नवं येतं. नाही गिळलं तर हनुवटीवरून—
लालासाहेबांना हात जोडले, दुसरं कुणी बसवा. आवं, असा अस्सल हात कुनाचा गावायचा न्हाई, म्हणाले.

तारीख—
उजवा हात उचलवत नाही. आडवाच. डाव्यानं लिहितो.
खाली पाट, समोर उदबत्ती. बाई वाकल्यात. नको म्हणायला तोंड उघडलं की त्यातच—
मिटलं तर नाकाशी पळी. गहू आपणच वर चढ—