चाळीस चिठ्ठ्यांवरून दिलेले घर

मी, ताईबाई तोताराम नारखेडे, वय वर्षे ७९, राहणार असोदा, ता. जि. जळगाव, शिक्षण चौथी, एक कान गेलेला, डोके जागेवर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता लिहिते. मला दडपणारा माणूस या घरात अजून जन्मलेला नाही.

१. शेत यजमान वारले तेव्हाच दोन्ही मुलांत वाटले गेले. राहिले घर. ते माझ्या माहेरच्या सोन्यातून बांधलेले व माझ्या नावावरचे आहे. थोरला हितेंद्र धुळ्याला असतो. धाकटा कुंदन आणि त्याची बायको बेबाबाई माझ्याजवळ राहतात. घरावर दोघा भावांचा डोळा, आणि चारचौघांत दोघेही सांगतात, "आईले मीच पाह्यतो."

२. हितेंद्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला येतो. मांडे खातो, ढेकर देतो, म्हणतो, "आई मजेत आहे." सणाचे दोन दिवस पाहून वर्षाचा अंदाज करणारा माणूस बांधावरचे चार घड पाहून सगळ्या केळीचा भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याच्या लायकीचा. मांडे भाजायचे खापर त्याला द्यावे. त्याला भाजता येत नाही हे मला माहीत आहे.

३. खरे काय ते कळावे म्हणून मी हितेंद्रच्याच मुलीला, मोहिनीला विचारले. ती जळगावला कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिने २०२५ सालच्या सगळ्या दिवसांच्या चिठ्ठ्या डब्यात घातल्या, डबा हलवला आणि न बघता चाळीस काढल्या. कोणत्या तारखा निघाल्या ते मलाही सांगितले नाही. त्या त्या दिवशी सकाळी तिचा फोन यायचा, "आजी, आज." मग माझ्याशी कोण किती मिनिटे बोलले ते मी घड्याळ पाहून लिहायचे, फोनवरचे धरून.

मी म्हटले, "चाळिसावरून अख्ख्या वर्षाचं कसं कळीन?"

"नेमकं नाही कळणार. खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकते तेवढं कळेल. फक्त दिवस आपण निवडायचे नाहीत."

४. हितेंद्रची सरासरी निघाली सहा मिनिटे. त्यातही एक दिवस तीन तासांचा आहे. त्या दिवशी तो घर विकायच्या कागदावर माझी सही मागत बसला होता. ती चिठ्ठी काढून टाक म्हटले, तर मोहिनी म्हणाली, "आजी, निघाली ती निघाली. आवडली नाही म्हणून फेकता येत नाही." तिच्या गणिताने बापाची खरी सरासरी उणे तीनपासून पंधरापर्यंत. "उणे मिनिटं नसतात, तिथे शून्य समज," म्हणाली. मी म्हटले, असतात. तुझ्या बापाचा फोन ठेवला का मले तसंच वाटतं.

५. कुंदनची नऊ, फार तर अकरा. एका छपराखाली राहून. माझे भिंतीवरचे घड्याळ त्याला द्यावे.

६. बेबाबाईची बावन्न. कमीत कमी धरा, चव्वेचाळीस. मोहिनीने विचारले होते, "भांडण धरायचं का?" मी म्हटले, धर, भांडायले माणूस समोर बसावं लागतं. ही बाई आळशी आहे, तोंडाळ आहे, बावीस वर्षांत तिला वरण जमलेले नाही. बोलले तर म्हणते, "आत्याबाई, मीठ बराबर हाये, चव तुमच्या तोंडाची गेली." चिठ्ठीच्या दिवशी मी मुद्दाम भांडण काढले नाही. गरज पडली नाही.

७. दोघा भावांचे जास्तीत जास्त तिच्या कमीत कमीच्या जवळपासही येत नाही. "चिठ्ठ्यांचा खेळ म्हणून एवढा फरक पडत नाही," असे मोहिनीने सांगितले, मी दोनदा विचारले. सबब घर, अंगणासकट, बेबाबाई कुंदन नारखेडे हिला एकटीला द्यावे. ती आवडते म्हणून नव्हे. हितेंद्रने कोर्टात जायचे तर आधी मुलीकडून सरासरी शिकून जावे. कुंदनने बायकोच्या घरात नीट राहावे.

८. मी जिवंत आहे तोवर यातले अक्षरही बेबाबाईच्या कानावर जाऊ नये. कळले तर ती हो आत्याबाई, बरं आत्याबाई करू लागेल, आणि मग उरलेले दिवस मी भिंतीशी भांडू काय?

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, त्यात खोडण्यासारखे काही सापडले नाही.

सही : ताईबाई तोताराम नारखेडे

साक्षीदार : १) रतिलाल भिकन चौधरी २) झुलाल नवल पाटील (दोघांनी माझ्यासमोर सही केली. दोघांनाही तोंड बंद ठेवायला सांगितले आहे.)

स्थळ : असोदा
दिनांक : १९ जानेवारी २०२६