सिंधुचे दार आणि पितळी परात

मी, शिवगंगाबाई, लिंगैक्य वीरभद्रप्पा शेटकार यांची विधवा, वय अंदाजे सत्तर, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार अहमदपूर, जिल्हा कालपरवापर्यंत उस्मानाबाद आणि आता लातूर, राजीखुशीने लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास दुकानात येऊन घासाघीस करून पाहावी. मला लिहिता येत नाही, म्हणून थोरला मुलगा अण्णाराव याच्याकडून हे लिहून घेत आहे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत तो कारकून आहे आणि अक्षर सुंदर आहे. एकही शब्द गाळणार नाही, अशी शपथ त्याला घातली आहे.

कलम १. राहते घर अण्णाराव आणि धाकटा महादेवप्पा यांना सारखे. मध्ये भिंत घालू नये.

कलम २. दुकान महादेवप्पाला, कारण बसला तोच. गिऱ्हाइकाकडे बघून बोलायला त्याने आता तरी शिकावे.

कलम ३. तांब्याची घागर शेजारच्या पंचफुलाबाईला. दुष्काळात विहिरीवर नंबर कुणाचा यावरून तिने या घागरीला पोचा पाडला होता. पोच्यासकट घ्यावी.

कलम ४. मोठी पितळी परात अण्णारावची एकुलती मुलगी सिंधु, वय दहा, हिला. बहात्तरच्या दुष्काळात ताटे धुवायला पाणी नव्हते. मी आणि दोघे मुलगे या एकाच परातीत जेवत होतो. अण्णाराव लग्नाला आला होता तरी मोठा तुकडा उचलायचा आणि पकडला गेला की गावभरच्या गप्पा सांगून आमचे लक्ष वळवायचा. भाकरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची, घशाखाली उतरत नसे, पण परातीवरून उठावेसेही वाटत नसे.

आता अण्णारावकडे स्टीलची बारा ताटे आहेत, आमच्याच दुकानातली. सिंधु त्यातले एक घेऊन अभ्यासाच्या टेबलावर एकटी जेवते. "पोरगी लई गुणी हाय, घरात हाय का न्हाई कळत न्हाई," असे अण्णाराव कौतुकाने सांगतो. बाबा रे, घरात लेकरू आहे का नाही हे कळायला नको?

मागच्या महिन्यात दाढ दाखवायला लातूरला अण्णारावकडे गेले होते. सूनबाई खेड्यावरच्या शाळेत शिकवते, तिची एसटी दिवेलागण करून येते. अण्णारावची कचेरी वेळेवर सुटते, पण नंतर चहाच्या हॉटेलात बसून त्याला सबंध जिल्हा चालवावा लागतो. मी समोरच्यांच्या ओट्यावर बसले होते. सिंधु शाळेतून आली. दाराला कुलूप होते, तिला ते दिसत होते, तरी तिने दार वाजवले. थोडी थांबली. मग गळ्यातली किल्ली काढली.

मी हाक मारली, "अगं, कुलूप हाय की. कुणाला वाजवतीस?"

ती म्हणाली, "उगंच गं आज्जी. आत कुणी असल्यावानी वाटतंय."

इथे अण्णारावचा हात थांबला आहे. मी त्याला लिही म्हटले आहे. त्या दिवशी मला रडू आले, तेही लिहायला लावले आहे.

तरी परात मांडणीवर चमकवायला ठेवू नये. रात्री तिघांनी तीतच जेवावे. सिंधुला मार्क विचारू नयेत. आज कोण हसले, कुणाशी कट्टी झाली, ते विचारावे, आणि साहेबांनी आपल्याला कसे झापले तेही तिला सांगावे. सुट्टीत तिला इथे महादेवप्पाच्या पोरांशी भांडायला पाठवावे. परातीसाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये, आजच न्यावी.

कलम ५. माझ्यामागे रडारड नको. आपल्या लिंगायतांत बसवून माती देतात, तेव्हा मी बसल्या बसल्या सगळे पाहणार आहे. ते हॉटेलही दिसेल.

कलम ६. घर, दुकान, भांडी यांची तजवीज झाली. संध्याकाळी सिंधुने दार वाजवल्यावर ते कोण उघडील, याची तजवीज माझ्या हातात नाही. त्यासाठी शेवटी एक ओळ कोरी सोडावी.

शिवगंगाबाई शेटकार, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: सिद्रामप्पा कोरे (सही), सटवाजी गुट्टे (सही)

मुक्काम अहमदपूर, ता. ११ मार्च १९८४

लेखनिक: अण्णाराव वीरभद्रप्पा शेटकार (सही)

दार मी उघडीन. ही ओळ आईने सांगितलेली नाही.