तत्त्व मान्यच आहे

नाशिक, ता. १४ एप्रिल १९३५

ती. सौ. गोदाताईच्या चरणी,
धाकटा बंधू वेणीमाधव याचा शि. सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम. आमच्या सुधारक मंडळाचा चैत्रातला हळदीकुंकू समारंभ परवा पंचवटीत उत्तम झाला. विधवा भगिनींना सवाष्णींच्या बरोबरीने पाटावर बसवून कुंकू लावले. कित्येकींच्या डोळ्यांस पाणी आले. माझे भाषण तासभर चालले. ज्याच्या घरी विधवा बहीण वा लेक आहे त्याने आधी आपल्या घरापासून सुरुवात करावी, असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. आपल्या उत्तरेने एकटीने सगळ्यांची आंबेडाळ आणि पन्हे केले. त्याचीही वाहवा झाली.

आता पत्राचे कारण. घरात कुठेतरी पाणी मुरते आहे. गुलजारबी मणेरीण माघापासून दर आठवड्याला येते आणि मागच्या ओट्यावर उत्तरेशी कुजबुजत बसते. तूच सांग, आमच्या घरात बांगड्या भरणारे कोण? माझी पत्नी जाऊन तीन वर्षे झाली. उत्तरा सतराव्या वर्षी विधवा झाली तेव्हापासून तिचे हात मोकळे आहेत. राहिली माझी चिमी. एवढ्याशा पोरीला किती बांगड्या लागणार? मी दिसलो की दोघी गप्प होतात. काल तुळशीमागे हिरव्या काचांचे तुकडे सापडले. चिमीच्या बांगड्या लाल आहेत. उत्तरेला विचारले तर म्हणाली की, मांजराने काही पाडले असेल. आमचे मांजर बांगड्या भरते हे मला ठाऊक नव्हते.

तुला काही माहीत असल्यास लपवू नये. लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

तुझा
वेणीमाधव

*

विंचूर, ता. २० एप्रिल १९३५

चि. वेणीमाधव यास,
गोदावरीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं भाषण वर्तमानपत्रात आलं, ते इकडून मला वाचून दाखवणं झालं. स्वतःला मात्र ते पसंत पडलं नाही, हे वेगळं सांगायला नको. मला एकच विचारायचं आहे. एवढ्या जणींना कुंकू लागलं, आपल्या उत्तरेला कोणी लावलं? तुझ्या पत्रात ते कुठे सापडलं नाही.

मांजराला उगीच बोल लावू नकोस. गुलजारबी आमच्या बाजारालाही येते, आणि तिच्या टोपलीत बांगड्यांखाली माझे निरोप असतात. आता ऐक. आमच्या शेजारच्या रंगूबाईंचा भाचा शामसुंदर पेठला जंगलखात्यात कारकून आहे. पस्तिशीचा असेल. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही वाचलं नाही. गेल्या हिवाळ्यात मी अंथरुणाला खिळले होते आणि उत्तरा माझ्याकडे राहिली होती, तेव्हा त्याने तिला पाहिलं. त्याने रीतसर मागणी घातली आहे. उत्तरेने पुष्कळ दिवस विचार केला आणि आता होकार कळवला आहे. पण तुझ्या संमतीवाचून ती उंबरा ओलांडणार नाही. पोरीचा उभा जन्म तुझ्या एका शब्दावर आहे. तुझ्यासारखा भाऊ असल्यावर तो शब्द यायला किती वेळ लागणार?

चिमीला गोड पापा. उत्तर लवकर पाठव.

तुझी
गोदाताई

*

नाशिक, ता. २९ एप्रिल १९३५

ती. सौ. गोदाताईस,
वेणीमाधवचा शि. सा. न. वि. वि.

कुंकवाविषयी लिहिलेस. उत्तरा स्वयंपाकघरातून मोकळी झाली तोवर पाहुण्या निघाल्या होत्या. कोणीतरी डाळ वाटलीच पाहिजे. आणि घरच्या माणसाला समारंभ कसला?

तत्त्व मला मान्यच आहे. प्रश्न माणसाचा आहे. पेठच्या मोटारीवरचा रावजी माझ्या ओळखीचा. त्याच्याकडून मी गुपचूप चौकशी केली. तो म्हणाला की, बाबू लय सरळ हाय, पिणं नाय, खाणं नाय, कुणाच्या अध्यात नाय की मध्यात नाय. हे ऐकून माझा संशय बळावला. जंगलखात्यातला कारकून सरपणाची मोळीसुद्धा फुकट घरी नेत नाही, हे तुला स्वाभाविक वाटते? शिवाय त्याला हुंडा नको, मानपान नको. ज्याला काहीच नको, त्याला नेमके काय हवे आहे? पेठचे पाणी हिवतापाचे आहे. चिमीला आत्यावाचून घास उतरत नाही. मी स्वतःचा विचार करीत नाही, पण पोरीचा करायला हवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. उद्या मी सख्ख्या बहिणीचे लग्न लावले तर लोक म्हणतील की, हा घरच्या सोयीसाठीच भाषणे करीत होता. त्यात कार्याची हानी आहे. कार्यासाठी उत्तरेने थोडा त्याग करावा, अशी माझी अपेक्षा आहे. तिला मी तसे समजावले. ती भाकऱ्या थापत राहिली.

कृपालोभ असू द्यावा.

वेणीमाधव

*

विंचूर, ता. ६ मे १९३५

चि. वेणीमाधव यास,
गोदावरीचे आशीर्वाद.

बाबा रे, माणूस खोटा असता तर खोटा म्हणून नाकारला असतास. खरा निघाला तर खरा आहे म्हणून नाकारतोस. आमच्या वत्सलेला लहानपणी दूध नको असलं की ते कधी ऊन असायचं, कधी गार, कधी भांडंच वाकडं. तुझी कारणं बदलतात, नकार तेवढा जागच्या जागी. चिमीची आत्या गेली की तिच्या घासाचं काय, हे मला कळतं. तुझ्या घासाचं काय, हेही कळतं. तेवढं एकच खरं कारण तू लिहिलं नाहीस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

मी शामसुंदरला सांगितलं आहे की, मंडळाच्या पुढच्या सभेला जा आणि सर्वांसमक्ष मागणी घाल. बघू, आता कार्याची हानी कशात होते ती.

तुझी
गोदाताई

*

नाशिक, ता. ३० मे १९३५

ती. सौ. गोदाताईस,
वेणीमाधवचा शि. सा. न. वि. वि.

कळविण्यास आनंद वाटतो की, चि. उत्तरेचा विवाह गेल्या सोमवारी मंडळाच्या सभागृहात वैदिक विधीने झाला. सभेत शामसुंदर उभा राहताच अध्यक्षांनी माझा हातच धरला आणि म्हणाले की, असा कर्ता सुधारक विरळा. मी मुळापासून अनुकूलच होतो. केवळ वराची परीक्षा पाहत होतो. विवाहप्रसंगी माझे दोन शब्द झाले. घरापासून सुरुवात करावी हे मी चैत्रातच बोललो होतो, याची मी सभेस आठवण दिली.

तू आली नाहीस. कंबर दुखते असे कळविलेस. रंगूबाई मात्र म्हणाल्या की, त्याच दिवशी पहाटे तू गाडी जुंपून देवळ्यास गेलीस. दुखऱ्या कंबरेला बैलगाडी कशी सोसली, हे विचारण्याचा मोह मी आवरतो.

आषाढात नवी नवरी माहेरी येते. माझ्याकडे आली तर चिमी तिचा पदर सोडणार नाही, आणि निघताना पुन्हा रडारड होईल. पोरीच्या हिताचा विचार करता तुझ्याकडेच येणे बरे. स्वयंपाकाला कलाबाई ठेवल्या आहेत. पोळ्या वातड होतात. असो.

ममता असावी.

वेणीमाधव

*

विंचूर, ता. २२ जून १९३५

चि. उत्तरा हिस,
गोदाताईचे अनेक आशीर्वाद.

तू सुखात आहेस हे रंगूबाईंकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. जावईबापूंना आमचा नमस्कार सांग.

आषाढात यायचं म्हणतेस. ये म्हणायला मला का नको वाटेल? पण बाई, आमच्या वत्सलेचं देवळ्याला जमत आलं आहे. मंडळी जुन्या वळणाची आहेत. वत्सलेला धाकटी मावशी आहे, एवढं त्यांना ठाऊक आहे. पुढचं अजून सांगितलेलं नाही. आषाढात ती मंडळी मुलगी पाहायला यायची, आणि नेमकी तू घरात. तुझ्यासाठीच म्हणते. कोणी वेडंवाकडं बोललं तर तुला सोसायचं नाही. शिवाय इकडचा स्वभाव तुला माहीत आहे, आणि आमचं घरही गैरसोयीचं. तत्त्व मला मान्यच आहे, नाहीतर एवढी खटपट मी केली असती का? एवढं मार्गशीर्षातलं लग्न पार पडू दे. मग हवी तितकी राहा.

रागावू नकोस. माया असू दे.

तुझी
गोदाताई

*

पेठ, ता. ८ जुलै १९३५

ती. सौ. गोदाताईच्या चरणी,
उत्तरेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी इथे खरंच सुखात आहे. घर दोन खोल्यांचं, मागे आंब्याचं झाड. कचेरीतून येताना यांच्या हातात कधी काही नसतं. सरपणही आम्ही विकतच घेतो. दादाला कळव, म्हणजे त्याचा संशय तरी टिकेल.

गुलजारबीची आठवण येते. माझ्या हाताचं जुनं माप तिच्या लक्षात होतं, पण चैत्रात भरून पाहिल्या तर बांगड्या तडातडा फुटल्या. ती म्हणाली की, उत्तराबाई, राबून राबून तुझा हात कडक झालाय, मोठ्या लागतील. त्याच त्या तुळशीमागच्या काचा. लग्नात तिने बेताच्या भरल्या, त्यातली एकही अजून पिचलेली नाही.

दादाची कारणं तू तिच्याकडून कळवायचीस आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. तुझं पत्र वाचताना मात्र मला हसू आलं नाही. तुझ्यावर रागवायचं माझ्याच्यानं होणार नाही, ताई. तू नसतीस तर मी अजून दादाकडे डाळ वाटत बसले असते. पण वाईट वाटलं. आषाढासाठी मी पातळांची घडी करून ठेवली होती. ती काल उलगडली.

वत्सलेचं लग्न निर्विघ्न होवो. देवळ्याच्या मंडळींना मावशी मेली म्हणून सांगितलंस तरी चालेल, म्हणजे नंतर तुला अडचण नको. चिमीला मात्र थंडीत माझ्याकडे पाठवायला दादाला सांग. आमचं घर तिला गैरसोयीचं होणार नाही.

एक राहिलं. दादाने लग्नाची बातमी तुला कळवली तेव्हा नुसतं चि. उत्तरा लिहिलं, असं रंगूबाई म्हणाल्या. तुझ्याही पत्रावर तेवढंच आहे. दोघांचंही सौ. लिहायचं राहिलं. घाईत होतं असं. पुढच्या पत्रावर आठवणीने लिही. टपाल आमच्याकडे कचेरीतून येतं, आणि तिथे सगळे मला त्याच नावाने ओळखतात.

तुझी धाकटी बहीण,
सौ. उत्तरा