काळ्या आंबट बिअरविषयी मागवलेला अभिप्राय

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली आहेत, उरलेली तीन भेटीत टेकवीन.) वहिनींनाही नमस्कार. तुमचा रक्तदाब, वहिनींचा गुडघा आणि लेकीच्या घरची तुमची ती खिडकीजवळची खुर्ची, तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं ठीक. मी ठीक नाही असं हिचं मत आहे, पण ते लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून आहे, तेव्हा काळजी नसावी.

तुमचं पत्र मिळालं. त्यात मोजून तीन वाक्यं होती. पहिलं, तुमची लाकडाची वखार भाड्यानं घ्यायला एक टायरवाला तयार आहे. दुसरं, चिरंजीवांनी त्या वखारीत दोन वर्षं जे काही मुरवलं आहे ते येत्या रविवारी चार जाणकारांना पाजणार आहेत. तिसरं, तू जा, चाख, आणि त्याला यातलं काही येतं की नाही ते एका शब्दात कळव, म्हणजे येत असेल तर वखार त्याच्याकडे राहील, नसेल तर महिनाअखेर पिंपं रस्त्यावर. मुलानं चांगली नोकरी सोडली म्हणून मुलाशी दोन वर्षं अबोला, पण त्याची परीक्षा मात्र घ्यायची, आणि ती भावाला पाठवून! अबोला धरावा तर तुम्हीच. राहता राहिलं एका शब्दाचं. दादा, डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं तरी मी आधी प्रस्तावना करतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा शब्द शेवटी येईल, तोवर बसा. (बसलेलेच असाल.)

परीक्षक म्हणून तुम्ही मला निवडलंत यात मात्र चूक नाही. बत्तीस वर्षं व्हिनेगरच्या कारखान्यात मी चाखणारा होतो. कागदोपत्री त्या खात्याचं नाव भारदस्त होतं, काम म्हणजे सकाळी नऊला कामावर जायचं आणि पाचपर्यंत तोंड वाकडं करायचं. त्या काळात माझ्या जिभेनं जेवढं आंबट सोसलं तेवढं घरातल्या कुणीही सोसलेलं नाही. (हिला हे वाक्य दाखवणार नाही.)

आता हे पेय काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बिअर आंबली की ओतून द्यायची, एवढी अक्कल जगाला होती. तुमचे चिरंजीव ती मुद्दाम आंबट करतात. आधी धान्य काळं होईस्तोवर भाजून त्याची बिअर करायची. मग ती ओकच्या जुन्या पिंपात भरायची, ज्यात पूर्वी कुणाची तरी वाइन बिऱ्हाड करून गेलेली असते. त्यात नाना जातींचे रानटी जंतू सोडायचे, बूच ठोकून बसवायचं आणि नंतर दोन वर्षं काहीही करायचं नाही. काहीही न करता दोन वर्षं बसून राहायचं आणि त्याला तत्त्व म्हणायचं, हा गुण आपल्या घराण्यात त्याच्याकडे कुणाकडून आला यावर मला बोलायचं नाही.

रविवारी सकाळी अकराला मी वखारीत हजर झालो. करवतीचं यंत्र आहे तिथंच आहे, फक्त पट्टा काढून भिंतीला टांगलाय. फळ्यांच्या थप्प्या असायच्या तिथं अकरा पिंपं आडवी निजलेली, प्रत्येकाच्या कपाळावर खडूनं आकडा. त्यातलं फक्त चार नंबरचं तयार, बाकीच्यांना अजून वर्ष-दीड वर्ष. म्हणजे परीक्षा होती ती त्या एकट्या चार नंबरची. तुमचे करवतवाले मामाही आहेत. त्यांना कुणी कामावर ठेवलेलं नाही, पण जा असंही कुणी सांगितलेलं नाही, म्हणून रोज येतात आणि पिंपांच्या लोखंडी पट्ट्या ठोकून बसवतात. सुतारकामाचे दोन लाकडी घोडे मांडून त्यावर तुमचीच एक रुंद फळी टाकली होती, तिच्यावर पेले, पाणी, पावाचे कोरडे तुकडे आणि मधोमध एक बादली. बादली थुंकायला! पाहुण्यांना प्यायला बोलवायचं आणि थुंकायला बादली द्यायची, असा पाहुणचार मी पहिल्यांदाच पाहिला.

जाणकार तीन होते. पहिले पेयांविषयी लिहिणारे गृहस्थ. मी त्यांना मनातल्या मनात नाकवाले म्हणत होतो, कारण पहिली दहा मिनिटं त्यांचं सगळं काम नाकानंच चाललं होतं; पेला हलवायचा, नाक आत, डोळे बंद, नाक बाहेर, वहीत दोन ओळी. दुसऱ्या होत्या एका मोठ्या हॉटेल-साखळीची खरेदी बघणाऱ्या बाई. त्यांच्या सात हॉटेलांत काय प्यायचं ते त्या ठरवतात. तिसरे दातांचे डॉक्टर. ते कोणत्या नात्यानं आले होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रत्येक घोटानंतर ते आपल्या दातांवरून जीभ फिरवून मोजदाद करत होते. चौथा मी. माझी ओळख चिरंजीवांनी 'काका, आंबटातले जाणकार' अशी करून दिली, तेव्हा नाकवाले माझ्याकडे बघून हसले. दुकानातल्या वजनकाट्याकडे बघून कुणी हसावं तसे.

चार नंबरचा नळ उघडला. रंग म्हणाल तर सुरेख, काळ्यात लाल. नाकवाल्यांनी घोट घेतला, तो गालात इकडून तिकडे फिरवला आणि जाहीर केलं की यात जुनं चामडं आहे. मग म्हणाले, खोगीर. मग तळघर. मग पाऊस पडून गेलेल्या ग्रंथालयाचं छप्पर. (छप्पर! हा माणूस सुट्टीच्या दिवशी छपरं चाटतो की काय!) बाईंना चेरी लागली, आधी पिकलेली, मग सुकलेली, मग नाकवाल्यांनी चामड्याचं नाव काढल्यावर चामड्याच्या पिशवीत सुकलेली. डॉक्टर म्हणाले, आम्ल आहे. त्यांना कुणी दाद दिली नाही.

मग मी घोट घेतला, आणि दादा, मी थेट कारखान्यातल्या माझ्या स्टुलावर जाऊन बसलो. ते व्हिनेगर होतं. उत्तम होतं, बत्तीस वर्षांत सही केलेल्या पहिल्या पाचांत बसेल असं होतं, पण व्हिनेगर. आंबट बिअरचा आंबटपणा जिभेवर येतो आणि मग गोडाला वाट देतो. हा घशात जाऊन दार लावून बसला. मी समोर पाहिलं तर नाकवाले दुसरं पान उलटत होते. गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. इथं तर गाढव गुळावर पुस्तक लिहीत होतं. मी तोंड उघडणार होतो, पण बाई तेवढ्यात म्हणाल्या की सगळं पिंप त्यांना हवं, सातही हॉटेलांत, आणि पुढची दहाही तयार होतील तशी. मी तोंड मिटलं. तुमची वखार, टायरवाला, पोराची दोन वर्षं, सगळं त्या एका पेल्यात होतं, आणि खोटं का सांगू, मला वाटलं की जगात एवढी माणसं व्हिनेगर पिऊन खूश होत असतील तर आपण कोण अडवणारे?

चिरंजीव इतका वेळ वाढण्यात गुंतले होते. त्यांनी आपला पेला सगळ्यांच्या शेवटी उचलला. एक घोट. चेहऱ्याचा रंग उडाला. पिंपाशेजारच्या घोड्यावर चढून त्यांनी वरचं बूच पाहिलं. ते नुसतं दोन बोटांनी वर आलं. मग खाली उतरून पेला फळीवर ठेवला आणि म्हणाले, "हे गेलंय. बूच सैल राहिलं, आत हवा गेली. माझं लक्ष राहिलं नाही. कुणी पिऊ नका."

यानंतर जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. माल करणारा सांगतोय की माल खराब आहे आणि चाखणारे त्याला समजावताहेत की नाही, उत्तम आहे. नाकवाले तर चिडलेच. म्हणाले, "खराब कसं असेल? मी पावणेतीन पानं लिहिलीत!" बाईंनी गोडीत घेतलं. म्हणाल्या, "आमच्या गिऱ्हाइकांना काय फरक कळणार?" त्यावर हा म्हणाला, "म्हणूनच नाही देणार. त्यांना कळत नसेल तर मला तरी कळायला हवं." आवाज चढवला नाही, काही नाही. मग मामांकडे पाहून नुसती मान हलवली. मामांनी चार नंबर गडगडत मोरीपाशी नेलं आणि दोन वर्षं घळाघळा वाहून गेली. नाकवाले आपला पेला छातीशी धरून उभे होते, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. डॉक्टर मात्र पहिल्यांदाच हसले.

तर तुम्हाला हवा असलेला शब्द हा घ्या. नाही. तुमच्या मुलाला धंद्यातलं काही येत नाही. गिऱ्हाईक ओंजळ पुढे करून उभं, जाणकार वही घेऊन बाजूला, आणि हा स्वतःच्या तोंडानं सांगतो की माझा माल वाईट आहे. असली माणसं बाजारात टिकत नाहीत. मला एकच माणूस आठवतो, ज्यानं गिऱ्हाइकाला पसंत पडलेली तुळई आत कीड दिसली म्हणून त्याच्या डोळ्यांदेखत करवतीखाली घालून जळण केली होती, आणि वर गिऱ्हाइकालाच झापलं होतं. त्या माणसाची वखारही पुढे बंद पडलीच. आता तो लेकीकडे खिडकीजवळ बसून तीन वाक्यांची पत्रं लिहितो.

बाकी विशेष नाही. आमच्या दोघांचा लोभ आहेच. तुमचा या पत्रानंतर किती उरतो ते सवडीनं कळवा.

तुमचा धाकटा

ता. क. वर एक गोष्ट राहिली. (राहिली म्हणजे मी राहू दिली.) रविवारच्या आधी दोन महिने मी एकदा वखारीत गेलो होतो. हा बाटल्या आणायला गेला होता, मामा बाहेर पेंगत होते. म्हटलं, घरचंच पिंप, चाखून बघू. घोड्यावर चढलो, चार नंबरचं बूच काढलं, नळी घातली. एक पेला चवीसाठी घेतला, दुसरा खात्रीसाठी आणि तिसरा तुमच्या वतीनं. मग बूच परत ठेवलं. नुसतं ठेवलं, ठोकलं नाही. दादा, व्हिनेगरच्या पिंपाला बूच ठोकत नाहीत, त्याला हवा लागते. बत्तीस वर्षं मी बूच अलगद ठेवत आलो. हाताला दुसरं काही येतच नाही. बिअरच्या पिंपात हवा गेली की दोन उन्हाळी महिन्यांत तिचं काय होतं, हे या घरात माझ्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नाही, आणि घोड्यावरून उतरताना मला ते एकदाही आठवलं नाही.

ता. क. दुसरा. त्या दिवशीचे तीन पेले मात्र बिअरचेच होते. चामडं नाही, खोगीर नाही, छप्पर तर नाहीच. आधी आंबट, मग काळ्या गुळासारखं खोल काहीतरी, आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, लाकूड. सकाळी तुम्ही वखारीचं दार ढकलायचात तेव्हा तोंडावर यायचा तो वास, अगदी तोच. मी घोड्यावरच बसून राहिलो. असं आंबट मी उभ्या जन्मात चाखलेलं नाही. वरचा शब्द खोडा आणि टायरवाल्याला दुसरी जागा बघायला सांगा. उरलेल्या दहा पिंपांच्या जवळपासही मी फिरकणार नाही, हे लिहून देतो.

ता. क. शेवटचा, आणि खरं तर याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. पोराला अजून वाटतंय की बूच त्याच्याच हातून सैल राहिलं. रविवारपासून धड जेवत नाही, रोज दहाही पिंपांवर चढून बुचं तपासतो. मी चार वेळा सांगायला गेलो आणि चारही वेळा हवापाण्यावर बोलून परत आलो. दादा, माझ्याच्यानं होत नाही. लहानपणी मी फोडलेल्या काचा तुम्ही निस्तरल्यात, तेवढी ही एक निस्तरा. तुम्ही त्याला फोन करा आणि सांगा की काकानं केलं. नंबर जुनाच आहे. दुसरा घे म्हणून मी मध्यंतरी त्याच्या मागं लागलो होतो, तर म्हणाला, "नको काका, बाबांकडे हाच आहे."