डावीकडची साखळी

प्रिय लोरीन,

बाबांची ती जुनी हिरवी गाडी मी पुन्हा दुरुस्तीला काढली आहे. माझी बायको बेव म्हणते, “ज्या गाडीत तुझी आई गेली, ती भंगारात दे की!”

काल गॅरेजमध्ये गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि जरासा अ‍ॅक्सिलरेटर दिला. इंजिन डावीकडून उचललं गेलं आणि त्याने अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढून धरली. पाय काढला तरी जोर कमी होईना. इंजिनाला डावीकडून धरून ठेवणारं खालचं रबर तुटलेलं आहे.

अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये तू रडत हेच सांगत होतीस, “मी ब्रेकच दाबत होते, गाडी आपली आपण पळाली.” क्लाइडकाका म्हणाले, “हो, गाडीलाच चर्चची घाई झाली होती!” आणि मी म्हणालो, “पाय चुकला असेल तिचा.”

रबर तेव्हाही तुटलेलंच होतं. पोरांशी शर्यत लावताना मीच तोडलं होतं, आणि नवं बसवायचा कंटाळा म्हणून इंजिन साखळीने खाली बांधून ठेवलं होतं. त्या शनिवारी इंजिन धुवायला मी साखळी सोडली, ती परत बांधलीच नाही. रविवारी तू आईला घेऊन चर्चला निघालीस.

नटबोल्टच्या कॉफीच्या डब्यात आज साखळी सापडली, असं मी बेवला सांगितलं. तुझ्याशी खोटं बोलत नाही. ती तिथे आहे, हे मला सव्वीस वर्षं ठाऊक आहे.

तू अजून बसनेच फिरतेस, असं ऐकतो.

नवं रबर बसवलं आहे. हे पत्र त्याच डब्यात ठेवतो आहे.

तुझा भाऊ,
ड्वेन