ओरेस्तेला घरातून हलवू नये

मी, डॉ. सुहासिनी देल्मार्को, माहेरची वझलवार, वय ५८, राहणार नॉटिंगहॅम, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर लोकांना बेशुद्ध केलं, तेव्हा शुद्धीत असणं म्हणजे काय ते मला नीट कळतं. मी शुद्धीत आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने फार वेळ ठेवलेला नाही, म्हणून मुद्द्याचंच लिहिते.

१. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, कारण आइस हॉकी खेळणाऱ्या इटालियन माणसाला तेव्हा कोणी कर्ज देईना. माझे पती ओरेस्ते यांना या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील. त्यांच्या हयातीत घर विकू नये; नंतर ते आमची मुलगी वरदा हिचं. ('यांना' हे कायद्यापुरतं. एरवी मी त्याला अरे-तुरेच करते. एकदा हौसेने 'अहो' म्हटलं, तर तो मागे कोण आहे ते बघायला लागला.)

वरदा गुणी आहे, क्रॉयडनहून धावत येते. पण गेल्या खेपेला तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तुझ्यानंतर बाबाला केअर होममध्ये ठेवू या ना. तिथे नर्सेस ऑल द टाइम असते. तो सेफ राहील." सेफ राहील, खरंय. पण पंचावन्नाव्या वर्षीच त्याची आठवण पार गेली आहे. इथे निदान त्याच्या पायांना वाट माहीत आहे. नव्या जागी तो नुसता भेदरून बसेल, आणि ते मला सहन होत नाही.

२. हे असं का झालं, तेही लिहिते. डोलोमाइट डोंगरातल्या गावातून तो १९८१ साली इथे खेळायला आला. निखळलेला खांदा बसवायला मी त्याला भूल दिली; शुद्धीवर येताच पठ्ठ्याने स्कोअर विचारला. त्या काळी डोकं आपटलं की नाकाशी अमोनिया धरायचे आणि परत बर्फावर सोडायचे. मी कठड्यावरून ओरडायचे, "अरे, बसवा त्याला!" ऐकतंय कोण.

गुडघा गेल्यावर तो प्रशिक्षक झाला आणि त्याने नियम केला: ज्याचं डोकं आपटलं, तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. १९९८ च्या अंतिम सामन्यात त्याने आपला सर्वांत चांगला खेळाडू, डेव्हिड, असाच बसवून ठेवला. सामना गेला, पाठोपाठ नोकरीही. मला त्या दिवशीइतका त्याचा अभिमान कधीच वाटला नाही.

३. डेव्हिड आता प्लंबर आहे. दर रविवारी ओरेस्तेला बर्फाच्या रिंकवर नेतो. ओरेस्तेला त्याचं नाव आठवत नाही, पण भेटला की त्याचं कपाळ चाचपून बघतो. माझ्या बचतीतून घरी मदतनीस ठेवावा आणि त्याची व्यवस्था वरदा व डेव्हिड या दोघांनी मिळून बघावी. वरदा, रागावू नकोस. तू लेक आहेस, पण तो शेजारच्या गल्लीत राहतो.

४. क्लबच्या ज्या अध्यक्षांनी ओरेस्तेला आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवून काढलं, त्यांनी माझ्या अंत्यविधीला यावं, पोटभर जेवावं. भाषण करू नये.

५. नागपूरचा माझा भाऊ ज्ञानेश्वर लग्नाला आला नाही. वर पत्रात विचारलं, "घसरायचे पैसे मिळतात होय?" ओरेस्तेचे जुने स्केट्स त्याला पाठवावेत. पत्ता वरदाकडे आहे.

६. ओरेस्ते मला शोधेल. पहिल्यांदा विचारील तेव्हा वरदाने त्याच्याजवळ बसून खरं सांगावं. त्याला रडू द्यावं. तो नवरा आहे माझा, तेवढा त्याचा हक्क आहे. दुसऱ्यांदा विचारील तेव्हा, आणि त्यानंतर दर वेळी, सांगावं: सुहासिनी ड्यूटीवर आहे, येईलच.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

सही: सुहासिनी देल्मार्को

साक्षीदार:
डॉ. मधुमती देवस्थळी
शशिधर बोपर्डीकर

नॉटिंगहॅम, १७ फेब्रुवारी २००८