सावलीच्या खुंट्या

सोमवार, ६ ऑक्टोबर

लिहीन लिहीन म्हणत किती दिवस ढकलले. वही उशाखाली होती, तिच्यावर डोकं ठेवून झोपलो तेवढंच. आज लिहायला बसलो, कारण भूगोलाचं काम करायचं नाहीये.

काम तसं पोराटोरांचं. मैदानात काठी रोवायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दर तासाला, सावलीच्या टोकाशी खुंटी ठोकायची. मग त्यावरून नकाशा. कॉलेज सुरू झालं तेव्हाच दिलेलं. भूगोलाच्या मॅडम आज म्हणाल्या, "बाकीचं तुम्ही आदल्या रात्री उरकाल. पण सूर्य कुणासाठी धावत नाही." पुढच्या सोमवारी नकाशा नसेल तर परीक्षा नाही.

आणि माझं बूड एका जागी कधी टिकलंय? शाळा अर्ध्यात सोडली, ट्रकवाल्यांबरोबर भटकलो, मग बाहेरून परीक्षेला बसून कसाबसा पास झालो. ताईनं बाबांशी भांडून मला इथे घातलं. बाबा तेव्हा माझ्याशी नाही, भिंतीशी बोलले — "हा दिवसभर एका जागी बसलेला दिसला तर कळवा. मुद्दाम बघायला येईन." त्यानंतर बोलणंच नाही.

मंगळवार, ७

हॉस्टेलच्या खोलीतल्या जोडीदाराला सगळे 'घड्याळ' म्हणतात. त्याचं वेळापत्रक भिंतभर आहे. मला शहाणपण शिकवत होता — अवघड ते आधी, सोपं मागाहून, रोजचं रोज. मी विचारलं, "यात हसायची वेळ कुठली रे?" त्यानं खरंच भिंतीकडे बघितलं. "बुधवारी जेवणानंतर जागा आहे."

गुरुवार, ९

आज तास नव्हते. काठी रोवली, पहिली खुंटी ठोकली, दुसरीही ठोकली. तेवढ्यात रस्त्यानं एक हातगाडी चालली होती. कुणाचं तरी बिऱ्हाड हलत होतं. गाडीवर कपाटाचा आरसा आडवा, आणि आरशात आभाळ. गाडी वळली की आभाळ वळायचं. एक पक्षी गाडीखालून गेल्यासारखा आरपार गेला.

कोपऱ्यापर्यंत जाऊ म्हटलं. मग पुढच्या कोपऱ्यापर्यंत. शेवटी आरसा तीन जिने चढवायला मीच हात लावला. गाडीवाला म्हणाला, "काय रे, तुला कामधंदा नाही का?"

आहे की. परत आलो तर सावली आपली वाट चालून दुसरीकडे गेली होती. माझ्या दोन खुंट्या मागे राहिलेल्या, चुकामूक झालेल्या माणसांसारख्या.

शुक्रवार, १०

दिवसभर ढग. काठीला सावलीच नाही.

शनिवार, ११

आजही ढग. ताईचा फोन — "उद्या तरी बसणार ना?"

"ढगांना विचार."

"ढगांसाठी मी बाबांशी भांडले नव्हते."

मग तीच हळू आवाजात म्हणाली, "हे बघ सोन्या, दिवसभर बसायचंय असं मनात आणूच नकोस. पुढच्या खुंटीपर्यंत बसायचं. बस्स."

रविवार, १२, सकाळी

ऊन! लख्ख, धुतल्यासारखं.

वही घेऊन मैदानात बसलोय. गुरुवारच्या खुंट्या उपटून नव्यानं सुरुवात केली, आत्ता तिसरी ठोकली. ताईला फोटो पाठवला — काठी, खुंट्या आणि माझे पाय. तिचं उत्तर, "पाय तुझेच ना?"

दुपारी

सावली इतकी आखडलीय की काठीनं पदराखाली घेतल्यासारखी. घड्याळ डबा देऊन गेला. त्याच्या वेळापत्रकात हे नव्हतं.

गंमत म्हणजे इथे बसून जास्तच भटकंती झाली. मुंग्यांची रांग माझ्या बुटाला वळसा घालून गेली. गवताच्या काडीकाडीलाही आपापली सावली आहे आणि सगळ्या एकदम, एकाच बाजूला सरकतात. अख्खं मैदान हळूच कूस बदलतंय, आणि मी त्याच्या पाठीवर. डोळे मिटले तरी ते फिरणं जाणवतं. इतकी वर्षं उगाच पाय झिजवले की काय?

रस्त्यावर कुठेतरी बँडवाले सराव करतायत. नंतर जाईन. पुढच्या खुंटीनंतर.

रविवार, चारला थोडं कमी

बाबा आलेत. फाटकाशी उभे आहेत, हातात पिशवी, उन्हासाठी डोळ्यांवर आडवा हात. हाक मारत नाहीत, नुसते बघतायत. धावत जावंसं वाटतंय. पण चारची खुंटी राहिलीय. शेजारची जागा हातानं झाडून ठेवली आहे.